बिझी माणसाचा नेम

बायकोनं फोनवर ‘काय करतोयस?’ असं विचारलं की खरं ते सांगून मोकळं व्हावं. मी ‘बिझी आहे’ म्हणालो आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

खरं तर त्या वेळी मी बाल्कनीत उभा राहून तिच्या वाळत चाललेल्या कढीपत्त्याची समजूत काढत होतो. अनुपमा सांगलीला गेली होती. तिचे वडील बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि सासूबाई नसल्यामुळे त्यांचं करायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मीच म्हणालो होतो, “तू जा बिनधास्त. माझं काय, मी बघतो.” (नवरे असली वाक्यं विमानतळावरच बोलतात. घरी आल्यावर त्यांना कुकरची शिट्टी सापडत नाही.)

इथं आखातात, अल मनखूलमधला आमचा फ्लॅट एका बेडरूमचा. ती असताना दोघांना अपुरा पडायचा, ती गेल्यावर त्याचं मैदान झालं. सकाळी सवयीनं दोन कप चहा टाकायचो आणि वाया कशाला घालवायचा म्हणून दोन्ही कप स्वतःच प्यायचो. ॲसिडिटी झाली. पण हे तिला सांगणार कसं? तिकडे ती वडिलांना उठवते, बसवते, त्यांचं पथ्याचं करते, आणि इकडून मी रडू, की मला करमत नाही? पन्नाशीकडे झुकलेला, जबल अलीत लॉजिस्टिक्स मॅनेजर म्हणवून घेणारा माणूस मी!

“बिझी? कशात?” अनुपमानं विचारलं.

नेमका तेव्हाच फोनवर नागेशचा मेसेज टपकला. नागेश माझ्याच ऑफिसात आहे, कोल्हापूरचा. मेसेज होता, ‘शनिवारी शूटिंगला येतोस?’

“शूटिंगला चाललोय,” मी ठोकून दिलं.

“सिरियलच्या?”

“नाही गं. पिस्तुलाच्या.”

“अरे देवा! ऑफिसात कोणाशी भांडलास का?”

“खेळ असतो तो! क्लब आहे. टार्गेटवर नेम धरायचा.”

“तू नेम धरणार? शैलेंद्र, तुझा कागदाचा बोळा आजवर कचऱ्याच्या डब्यात पडलेला नाही!” असं म्हणून ती हसायला लागली. सांगलीला गेल्यापासून पहिल्यांदाच मी तिला अशी हसताना ऐकत होतो.

त्या हसण्यासाठी मी शनिवारी खरंच गेलो.

नागेश आणि आमचा तिसरा मित्र सोमनाथ (चिपळूणचा, साइटवर फोरमन, आवाज क्रेनला ऐकू जाईल असा) आधीपासूनच जायचे. मीही सेफ्टीचा कोर्स केला, क्लबचं पिस्तूल हाताळायला शिकलो आणि दर शनिवारी फजितीचा एक नवा किस्सा अनुपमाला ऐकवू लागलो. ती हसायची. मग हळूहळू असं झालं, की मी किती मजेत आहे हे तिच्याकडून नागेशच्या बायकोला आणि नागेशच्या बायकोकडून अख्ख्या बिल्डिंगला कळलं. शेवटी एके दिवशी अनुपमा म्हणाली, “तुझं छान चाललंय. मग मी अजून महिनाभर राहू का इथं? बाबांनाही बरं वाटेल.”

“हो, राहा की! त्यात काय?” मी म्हणालो आणि फोन ठेवून तिच्या मेतकुटाच्या बरणीचं झाकण उघडून वास घेत बसलो.

परतीच्या तिकिटाची तारीख तिनं अजून बदलली नव्हती, एवढाच काय तो आधार होता. अशात क्लबची मॅच आली.

ही मॅच एका जागी उभं राहून नेम धरण्याची नसते. कमरेला पिस्तूल, टायमरची ‘बीप’ झाली की ते काढायचं, आडोशांमधून पळायचं आणि दिसेल त्या खाकी पुठ्ठ्यावर गोळ्या झाडायच्या. मधेमधे पांढरे पुठ्ठे असतात. ते निरपराध नागरिक. त्यांना गोळी लागली की मार्क कापतात. (सरावात माझ्या हातून निरपराध फार गेले. गुन्हेगार मात्र सुखरूप होते.)

वाळवंटातली रेंज, फेब्रुवारीचं सौम्य ऊन, आणि रेंज ऑफिसर अफनान नावाची एक तरतरीत एमिराती मुलगी. तिच्या एका शब्दावर दाढीमिशांचे पुरुष पुतळ्यासारखे उभे राहत. माझा नंबर आला तेव्हा कानावरच्या, गोळ्यांचा आवाज अडवणाऱ्या क्लबच्या मफचा पट्टा तुटला. नागेशनं आपले मफ काढून दिले. “घे. ब्लूटूथवाले आहेत. जपून वापर.” आणि स्वतः लांब काचेमागे प्रेक्षकांत जाऊन बसला.

“आर यू रेडी?” अफनाननं विचारलं. “स्टँड बाय…”

बीप!

मी पळालो. पहिला पुठ्ठा, दुसरा पुठ्ठा, दोन्ही बरोबर! नागेशला इतका हर्ष झाला, की त्यानं तिथूनच अनुपमाला व्हिडिओ कॉल लावला. आणि त्याचा फोन माझ्या कानावरच्या त्याच्या मफला जोडलेला होता, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

मी तिसऱ्या आडोशाशी पोचलो आणि माझ्या दोन्ही कानांत अनुपमा बोलली, “अगंबाई! हा शैलेंद्र?”

पाठोपाठ सासऱ्यांचा आवाज आला, “पळतोय का? कोण लागलंय मागं?”

“खेळ आहे बाबा तो. बघा ना, किती खुशीत आहे. मी उगीच काळजी करत होते. याचं माझ्यावाचून काही अडत नाही. तिकीट पुढं ढकलते आजच.”

मी थांबलो. पिस्तूल समोरच धरलेलं होतं (कोर्समध्ये तेवढं डोक्यात पक्कं बसलं होतं), पण पाऊल काही पुढं पडेना. टायमर चालू होता.

“अनू, ढकलू नकोस!” मी ओरडलो.

तिकडे काचेमागे नागेशला बिचाऱ्याला काहीच ऐकू येत नव्हतं, कारण सगळा आवाज माझ्या कानात येत होता. “हॅलो? वहिनी? आवाज येत नाही!” असं म्हणून त्यानं मी ओरडण्याआधीच फोन कट केला होता. हे मला कसं कळणार? माझ्या कानात नुसती शांतता पसरली. मला वाटलं, ती ऐकते आहे.

मग मी बोललो. समोर पुठ्ठ्यांकडे बघत, मोठ्यानं.

“मला इथं करमत नाही गं! मी रोज दोन कप चहा करतो अजून. तुझा कढीपत्ता गेला, अनू. व्हिडिओत दाखवतो तो शेजाऱ्यांचा आहे. तुझ्या उशीवर मी इस्त्रीचे कपडे ठेवतो, म्हणजे ती जागा रिकामी दिसत नाही. मी मजेत-बिजेत काही नाही. तू ये.”

“शूटर?” मागून अफनान म्हणाली. “इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर.” (म्हणजे, झालं असेल तर पिस्तूल रिकामं करून दाखव.)

“मॅडम, नॉट फिनिश्ड. आय ॲम टॉकिंग टू माय वाइफ.”

“व्हेअर इज शी?”

“सांगली.”

अफनाननं आडोशामागे वाकून पाहिलं.

रांगेत उभ्या सोमनाथनं आपल्या क्रेनच्या आवाजात सगळ्यांना हिंदीत भाषांतर करून सांगितलं. कोणीच हसलं नाही. पेशावरचा एक धिप्पाड गडी वाळूकडे बघत म्हणाला, “सच बोलता है भाई. चाय का तो मेरा भी यही हाल है.” शेजारचा केरळी माणूस खिशातून पाकीट काढून त्यातला फोटो बघू लागला. भर दुपारी त्या रेंजवर इतकी शांतता झाली, की टायमरसुद्धा ओशाळला असेल.

“यल्ला, गो ऑन,” अफनान हळूच म्हणाली, “टेक युअर टाइम, अंकल.”

मी भरल्या डोळ्यांनी उरलेली मॅच पुरी केली. तीन निरपराध नागरिक गेले. माझा नंबर शेवटून पहिला आला, पण मन हलकं झालं होतं. नागेश पळत आला.

“ऐकलं ना तिनं सगळं?” मी विचारलं. “रडली का?”

“कोण? वहिनी? अरे, आवाजच येत नव्हता, मी फोन कधीच कट केला. तू कुणाशी बोलत होतास?”

म्हणजे पेशावरपासून केरळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. फक्त जिला कळायला हवं होतं, ती सोडून.

मी गाडीत जाऊन बसलो, काचा लावल्या आणि फोन केला. मघाचं ते लांबलचक भाषण एका शब्दानंही आठवेना.

“अनू,” मी म्हणालो, “मला करमत नाही. ये.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“मग इतके दिवस तोंड शिवलं होतंस का रे?” ती म्हणाली. “मी वाट बघत होते, तू कधी म्हणशील म्हणून. मला वाटलं, तुला माझी सवय सुटली.”

आम्ही दोघंही काही बोललो नाही. स्टिअरिंगवर ऊन आलं होतं. असं न बोलता फोन धरून बसण्यातलं सुख मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. आणि त्या शांततेत एक खाकरल्याचा आवाज आला.

“शैलेंद्रराव, फोन स्पीकरवर आहे.”

“ब… बाबा, नमस्कार.”

“तुमचं म्हणणं अगदी पटलं. मलाही अनू गेल्यावर इथं करमणार नाही. वॉकर घेऊन चालतो आता, डॉक्टर विमानाला हो म्हणालेत. मीही येऊ का?”

“या ना बाबा! अवश्य या!” मी म्हणालो. आणि काय म्हणणार?

ते आले. बाथरूम जवळ हवं, म्हणून बेडरूम त्यांची. वेळीअवेळी हाकेला कोणी हवं, म्हणून अनुपमाची गादी त्यांच्या पलंगाशेजारी. मी हॉलमधल्या सोफ्यावर. घरात पुन्हा फोडणीचा वास येतो, बाल्कनीत नवं रोप आलंय, अनुपमा दिवसभर आजूबाजूला असते, पण आम्ही बोलायला लागलो की सासरेबुवा आतून विचारतात, “काय म्हणताय?”

काल ऑफिसात अगदी राहवलं नाही. तिला मेसेज केला, ‘अनू, तुझी फार आठवण येते.’

उत्तर लगेच आलं.

‘ती भाजी आणायला खाली गेली आहे. आली की निरोप देतो. – बाबा.’