डावीकडची खुर्ची

यशवंततात्यांच्या घरात टीव्ही चालू असला तरी बाहेर ऐकू काहीच येत नाही. दारातून डोकावलं, तर पडद्यावर बायका एकमेकींवर ओरडत असतात, बिनआवाजी. समोर तात्या एकटेच. पण त्यांचं तोंड टीव्हीकडं नसतं, डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडं असतं. मधेच ते बोट वर करून हवेत गोल फिरवतात, थोडं थांबतात, कुणीतरी उत्तर दिल्यासारखी मान हलवतात आणि पुन्हा पडद्याकडं वळतात. दोन मिनिटं झाली की पुन्हा तेच. हे सगळं भर दुपारी एक वाजता, दार सताड उघडं टाकून चालतं.

माझं लासुर्ण्यात टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बंद पडलेल्या वस्तू उघडण्यातच माझं आयुष्य गेलं, आणि आत धूळ नि झुरळं यांच्यापलीकडं कधी काही निघालं नाही. तरीही तात्यांच्या घरावरून जाताना मी गाडीचा वेग वाढवायचो, हे कबूल करतो.

तात्या साखर कारखान्यात होते, ऊस गाळणाऱ्या मिलवर. तिथं आवाज असा, की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. त्यामुळं मिलवरची माणसं हातानं बोलतात. बोट गोल फिरवलं की ‘चालू का?’ मूठ दाखवली की ‘बंद कर’. तळहात खालीवर केला की ‘दमानं’. कपाळ पुसून हात झटकला की ‘सुटलो, चला घरी’. नोकरी संपली, पण तात्यांचा हात काही रिटायर झाला नाही. माझ्या लग्नात भटजी जरा लांबण लावायला लागले, तर तात्यांनी पहिल्या रांगेतून त्यांना मूठ दाखवली. भटजींना वाटलं मारतोय. पुढच्या मंगलाष्टका अशा काही पळाल्या, की अक्षता टाकता टाकता लोकांची धांदल उडाली.

कुणी चिडलं की तात्या म्हणणार, “रोलर गरम झालाय, पाणी मारा.” सरपंचांना म्हणून झालं, एस.टी.च्या कंडक्टरला म्हणून झालं. एकदा स्वतःच्या जावयाला म्हणाले, आणि जावई दिवाळीला आला नाही.

मिलनं त्यांचे दोन्ही कान खाल्ले होते. त्यांची मुलगी शोभाताई बारामतीत नर्स आहे. तिनं त्यांना कानाची मशीनं आणली, डावं आणि उजवं. सोबत टीव्हीला लावायची एक डबीही होती. ती मीच जोडून दिली. टीव्हीचा आवाज त्या डबीतून थेट मशीनमध्ये, म्हणजे थेट कानात. स्पीकर पार बंद ठेवला तरी चालतो. पहिल्या दिवशी निवेदिका बोलली तसे तात्या दचकून मागं बघायला लागले. म्हणाले, “आरं, ही माज्या डोस्क्यात शिरली की!”

चार दिवसांनी बघतो, तर तात्यांच्या कानात एकच मशीन. दुसरं रहिमचाचांच्या कानात.

रहिमचाचा मुलाणी म्हणजे मिलवरचा तात्यांचा जोडीदार. समोरच्याच आळीत राहायचे. तात्यांची बायको गेल्यापासून रोज दुपारी एक वाजता ते हजर, मालिकेचा कालचा भाग पुन्हा लागतो तो बघायला. मी तात्यांना सांगितलं, की ही मशीनं तुमच्या कानाच्या मापानं बसवलीत, अशी वाटायची नसतात. तात्या म्हणाले, “दोगांचा कान एकाच मिलनं खाल्लाय. माप एकच हाय.” चाचांनी लगेच बोट गोल फिरवून मला दाखवलं. चालू आहे, तू कशाला मधे पडतोस.

उजवं तात्यांना, डावं चाचांना. तात्या उजवीकडच्या खुर्चीत, चाचा डावीकडच्या. मालिकेतली सासू दिसली, की दोघं एकदमच मूठ दाखवायचे. मी उगाच काहीतरी तपासायला म्हणून जायचो आणि त्यांनाच बघत बसायचो. त्या दुपारी फार छान होत्या.

गेल्या वर्षी कारखाना सुरू व्हायच्या आधी चाचा गेले. त्याच खुर्चीत, मालिका चालू असताना. त्यांच्या कानातलं मशीन कुठं गेलं, ते कुणालाच कळलं नाही. तात्या म्हणाले हरवलं. विषय तिथंच मिटला. पुढं हे खुर्चीकडं बघणं सुरू झालं आणि शेजारच्या बायांनी दुपारी त्या बाजूला पोरं खेळायला पाठवणं बंद केलं.

परवा मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. तात्या रस्ता ओलांडत होते आणि डावीकडून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला. तात्यांना पत्ताच नाही. ड्रायव्हरनं कसाबसा ब्रेक दाबला, चाक धोतराला घासून गेलं. संध्याकाळी मला शोभाताईचा फोन. “पर्काशदादा, ते डावं मशीन हुडकून दे. न्हाय सापडलं तर रविवारी मी घराला कुलूप लावते आणि तात्यांना बारामतीला आणते. माझा जीव थाऱ्यावर न्हाय.” तिचं काय चुकलं? पण तात्यांना फ्लॅटमध्ये ठेवायचं म्हणजे त्यांच्या रोजच्या दुपारी संपवायच्या, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी एकला मी गेलो. टीव्ही चालू, घर गप्प. पंखासुद्धा बंद. डावीकडच्या खुर्चीवर उशी, खुर्चीच्या पाठीला चाचांची पांढरी जाळीची टोपी अडकवलेली. मी तात्यांचा मोबाईल घेतला. मशीनं कुठं आहेत, त्यांची बॅटरी किती, हे त्यात दिसतं. उजवं, साठ टक्के. डावं, शंभर टक्के. दोन्ही जोडलेली, दोन्ही चालू.

मेलेल्या माणसाचं मशीन भरलेलं होतं, आणि ते याच खोलीत ऐकत होतं.

“तात्या, डावं मशीन कुठाय?”

“हारवलंय म्हनून सांगितलं न्हवं का.”

“मग ते शंभर टक्के कसं? रोज चार्ज कोण करतं?”

तात्यांनी खुर्चीकडं वळून बोट फिरवलं. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. अगदी बारीक, डासाएवढ्या आवाजात, एक बाई रडत होती. मी पडद्याकडं बघितलं. मालिकेतली सून तोंड उघडून रडत होती. पडद्यातून आवाज नव्हता. आवाज चाचांच्या टोपीतून येत होता.

मी उठून दाराकडं निघालो होतो, खोटं कशाला सांगू. उंबऱ्यापाशी स्वतःचीच लाज वाटली, म्हणून परत फिरलो आणि टोपी उचलली. मशीन आत जाळीला सेफ्टी पिननं लावलेलं होतं.

“ठेव ते,” तात्या म्हणाले. एवढा बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “त्येचं हाय ते.”

मी टोपी हातात धरून तसाच उभा राहिलो. मग तात्यांनी खुर्चीकडं बघतच सांगितलं.

“त्या दिवशी मालिका रंगली व्हती. मी फुडं बगून बोलत व्हतो. सासूला शिव्या देत व्हतो, हसत व्हतो. भाग संपला तवा वळून ‘चालू का?’ म्हनून बोट फिरवलं, तर त्येचा हात खाली लोंबत व्हता. अंग गार पडाय लागलं व्हतं. अर्धा तास, पर्काश. अर्धा तास मी मेलेल्या मानसासंगं हसत बसलो.”

“तात्या, तुम्हाला कसं कळणार?”

“त्यानं हाक मारली आसंल न्हवं? तो माज्या डाव्या अंगाला. डाव्या कानातलं मशीन तर त्येच्या कानात. मला कुटनं ऐकू येनार?” त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. “लोकं यायच्या आदी मीच ते काडलं. काडलं तवा बी टीव्हीतली बाई त्यात बोलतच व्हती.”

एक वर्ष हा माणूस दर दोन मिनिटांनी वळून का बघत होता, ते मला तेव्हा कळलं. आम्ही सगळे त्याला झपाटलेला म्हणत होतो. मला फार वाईट वाटलं.

“शोभाला सांग, सापडलं न्हाय,” तात्या म्हणाले. “मी गेलो बारामतीला, तर हितं त्येच्याकडं कोन बगनार?”

मला समजावता येत नाही. टीव्ही दुरुस्त करता येतो, माणूस नाही. म्हणून मी मनाचा हिय्या करून सरळ चाचांच्या खुर्चीत जाऊन बसलो. उशी जरा गरम लागली, ऊन पडत असणार. पिन काढून मशीन तात्यांच्या तळहातावर ठेवलं.

“मी बसतो हितं. तुम्ही हे कानात घाला.”

“आन तू रोज येनार?”

“एकला दुकान जेवायला बंदच असतं.”

त्यांनी मशीन दोनदा कानापाशी नेलं आणि दोनदा खाली घेतलं. तिसऱ्यांदा घातलं. बाहेर लांबवर ट्रॅक्टर जात होता, त्या आवाजासरशी त्यांचं डोकं डावीकडं वळलं. शोभाताईला काय सांगायचं, ते मला मिळालं.

“आता बोल,” तात्या म्हणाले.

“काय बोलू?”

“काय बी. मदनं मदनं बोलत ऱ्हा. म्हंजी कळंल मला.”

पडद्यावर सून अजून रडतच होती. मी जरा वाट बघितली, मग म्हणालो, “तात्या, ही बया लई रडती.”

“व्हय,” तात्या म्हणाले. “पाणी मारा तिला.” आणि ते वळले नाहीत, समोर टीव्हीच बघत राहिले.