राजुरी डाऊन

सोपानभाऊंनी मला आजवर शंभरेक वेळा मेलेला जाहीर केलं आहे. परवा तर मी चहात पाव बुडवून खाताना मेलो. पाठीमागून त्यांनी विचारलं, "हाय का राव?" माझं तोंड भरलेलं. त्यांनी डाव्या हाताच्या चार बोटांवरून अंगठा फिरवला आणि साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा डाऊन!" मग माझं काम दुसऱ्याला सांगून मोकळे झाले.

आमचं ऑफिस नारायणगावात, स्टँडच्या मागे. पूर्वी आम्ही गावोगाव टीव्हीची केबल टाकायचो, आता इंटरनेट देतो. मी तक्रारींचे फोन घेतो, म्हणजे दिवसभर शिव्या खातो. सोपानभाऊ राजुरीचे, पन्नाशी उलटलेले, दहावी शिकलेले. खांबावर चढता चढता संगणकापुढे येऊन बसले, आणि आता नेटवर्कचा स्विच त्यांच्याइतका आमच्यात कुणालाच कळत नाही.

हा स्विच म्हणजे तारा जोडायचा डबा. गावागणिक एक. हे डबे दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक मारतात. चार हाका चुकल्या, म्हणजे चाळीस सेकंद गेले, की समोरचा मेला असं धरायचं आणि दुसऱ्या तारेने वाट काढायची. ही सेटिंग सोपानभाऊंनी प्रत्येक डब्यात स्वतःच्या हाताने घातली. घालता घालता ती त्यांच्याही अंगात शिरली असावी.

जुन्नरला एकदा दवाखान्यात गेले. कंपाउंडरने चार हाकांत मान वर केली नाही, तर उठून सरळ दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. अवसरीला भाचीच्या लग्नात नवरामुलगा उखाणा आठवत घाम पुसत होता, तेवढ्यात मांडवातून आवाज आला, "डाऊन!" मुलाकडची माणसं महिनाभर यांच्याशी बोलत नव्हती. म्हणजे सोपानभाऊंच्या नियमाने तीही गेली.

स्वतः मात्र फोनची दुसरी रिंग होऊ देत नाहीत. खांबावर एका हाताने लोंबकळत असले तरी दुसऱ्या हाताने फोन कानाला. "हा बोला, मी हाय." अनोळखी नंबर असला तर घाई जास्तच. कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुली हिंदीत बोलतात, हे मराठीत उत्तरं देतात, आणि हे पाच पाच मिनिटं चालतं. मी एकदा वैतागून म्हटलं, "कट करा की भाऊ!"

"मानूस बोलतंय राव. कट काय करायचं?"

मला हसू आलं होतं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मागच्या मंगळवारी सकाळी जेसीबीने राजुरीची तार उखडली. यात नवल काही नाही. आमच्याकडे जेसीबीला जमिनीखाली पाणी लागत नाही, तार लागते. पण राजुरीला दोन तारा आहेत, एक थेट आणि एक निमगाव सावावरून. चाळीस सेकंदांत गाव निमगावच्या वाटेने चालू व्हायला हवं होतं. दुपारचे तीन वाजले तरी राजुरी बंद.

फोन घेऊन घेऊन माझा कान तापला. एक आजोबा म्हणाले, "पावणं, दोन दोन वायरी टाकल्यात म्हनता, मंग येक तरी चालवा की!" त्यानंतर एका मुलीचा फोन आला. कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, मुदत पाच वाजेपर्यंत. तिला पुढे बोलता येईना, नुसती रडत राहिली. मी उठून सोपानभाऊंच्या खोलीत गेलो.

ते पडद्याकडे बघत बसले होते. पडद्यावर राजुरीचा दिवा हिरवा होता. तिकडे तार तुटून सात तास झालेले, आणि आमचा स्विच सगळं इंटरनेट त्या तुटक्या तारेत ओतत होता. तार वाटेत आणखी एका डब्यातून जाते, त्यामुळे पुढे ती तुटल्याचं त्याला दिसत नाही, हाक आली नाही तरच कळतं. मी सेटिंग पाहिली. चाळीसच्या जागी पासष्ट हजार पाचशे पस्तीस होते. त्या रकान्यात याहून मोठा आकडा बसतच नाही. अठरा तास वाट पाहा, मगच मेला म्हणा, असा त्याचा अर्थ.

चूक म्हणावी तर हा आकडा दोन्ही टोकांना सारखाच घालावा लागतो, नाहीतर डबे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे हे ठरवून केलेलं होतं, आणि नोंद सोमवार दुपारची होती.

"सोमवारी तुमची रजा होती ना?"

"आर्धा दिस. जुन्नरला कोर्टात गेल्तो."

त्यांचा धाकटा भाऊ बाळू आठ वर्षांपूर्वी भांडून घरातून निघून गेला, एवढं मला माहीत होतं. ऑफिसात तो विषय कुणी काढत नसे.

"सात वर्सं खबर न्हाई तर कोर्ट मानसाला मेलेला धरतंय," सोपानभाऊ म्हणाले. "भावजयीला कागद पायजेल. तिचं बी बरुबर हाय, बाईनं किती दिस लटकून ऱ्हायाचं? वकिलानं इचारलं, काय खबर? मी म्हनलं, न्हाई. सही केली. मंग हितं येऊन बसलो तर म्होरं राजुरी. डबा आमच्याच घरात हाय ना, बाळूच्या खोलीत. म्हनलं, ह्येला तरी चाळीस सेकंदात नगं मारायला."

"त्यात तुमचा काय दोष, भाऊ? त्यानेच कधी फोन केला नाही."

"केला व्हता की. गेला त्या हप्त्यात रोज करायचा. मी रागात व्हतो, वाजू दिला. मंग वाजायचा थांबला." ते आपल्या चार बोटांकडे बघत होते. "त्यो गप ऱ्हायला न्हाई राव, मी ऱ्हायलो. त्यानंच मला मेलेला धरला आसंल."

बसून राहावंसं वाटत होतं, पण घड्याळात पावणेचार झाले होते. "भाऊ, तिकडे एक पोरगी रडतेय. पाचला फॉर्म बंद होतो."

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. निमगावच्या बाजूने राजुरीचं टोक उघडून तिथे चाळीस घातले, मग इथे घातले. शेवटचं बटण दाबायच्या आधी बोट जरा थांबलं, मग दाबलं. आम्ही दोघं चाळीस सेकंद पडद्याकडे बघत राहिलो. हिरवा दिवा लाल झाला. "राजुरी डाऊन," असं एरवी ते ओरडले असते.

थोड्या वेळाने मीच म्हणालो, "आली भाऊ. निमगाववरनं आली राजुरी."

"आली का?" म्हणाले, आणि तोंडावरून हात फिरवला.

मालकांना काय सांगायचं ते मी सांगेन, असं म्हणून मी दाराकडे वळलो. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता. दुसरी रिंग झालीच नाही.

"हा बोला, मी हाय."

पलीकडून एक मुलगी हिंदीत कर्जाचं विचारत होती. सोपानभाऊंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. तिला लाइनीवर कुणी आहे की नाही अशी शंका आली असावी, कारण तिने दोनदा हॅलो हॅलो केलं.

"हाय की ताई," ते घाईने म्हणाले, "हितंच हाय मी. ठिवू नगा."