वरची हवा, खालची हवा

विश्वनाथअप्पांच्या दुकानात तुरीची डाळ घ्यायची तर आधी फुंकर मारावी लागते. अप्पा बिलाच्या कागदाची पट्टी फाडतात, गिऱ्हाइकाच्या खालच्या ओठाशी धरायला लावतात आणि म्हणतात, "फुंका. वरून." फुंकर वरून गेली, की लोंबणारी पट्टी दबण्याऐवजी वर उचलली जाते.

"असंच इमान उडतं. बोला, अर्धा किलो का एक?"

अप्पांची एकुलती मुलगी गिरिजा बंगळूरला एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकते. लातूरला दोन वर्षं क्लास केल्यावर ती डॉक्टरच होणार, असं मुखेडच्या पेठेनं परस्पर ठरवून टाकलं होतं. तो अपेक्षाभंग पेठ अजून विसरलेली नाही.

"अप्पा, पोरगी इमान शिकून हितं काय उडवंल?" शेजारचे भांडीवाले गंगाधरराव विचारतात.

"तुमची टोपी. आधी फुंका."

फुंकल्यावर स्पष्टीकरण येतं. पंखापाशी हवेचे दोन भाग होतात. "वरचीची वाट लांबची, खालचीची जवळची. पण दोघींला मागच्या टोकाला भेटायचं असतं. म्हणून वरची लई पळती." दोन सख्ख्या बहिणी जत्रेला निघाल्यासारखं अप्पा हे सांगतात.

माझी पत्नी गेली तेव्हा ते भेटायला आले होते. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचा काठ फाडून माझ्या हातात दिला. "फुंका, सर." मी फुंकलं. त्या दिवसांत कोण काय बोललं ते आठवत नाही. दोन वाटांनी गेलेली हवा शेवटी भेटते, हे मात्र लक्षात राहिलं.

ते चूक आहे, हे गिरिजाकडून कळलं. मधल्या एका सत्रात ती अचानक घरी आली आणि गिऱ्हाइकांसमोरच वडिलांना म्हणाली, "अप्पा, हवेला कुणाला भेटायचं नसतं. काहीपण सांगून राहिले तुम्ही." अप्पांनी मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जुनंच सांगितलं.

ती सुट्टीला आली नव्हती. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये नापास झाली होती आणि सगळं सामान घेऊन आली होती. आई नाही, अप्पा एकटे. आता दुकान बघते म्हणाली. अप्पांनी वाद घातला नाही. "ऱ्हा की. पण ती हवा काहून भेटत न्हाई, तेवढं समजावून सांग."

तिनं सांगितलं. अप्पांना कळलं नाही. तिनं उदबत्तीचा धूर पळीच्या पाठीवरून सोडून दाखवला. अप्पांना कळलं नाही. शेवटी तिला पुस्तक उघडावं लागलं. मग दुसरं. आठवडाभर बाप माठासारखा बसून होता आणि मुलगी चिडून शिकवत होती. शिकवता शिकवता तिलाच काहीतरी उमगलं असावं. सोमवारच्या गाडीनं ती परत गेली.

आता रोज दिवेलागणीला फोन येतो. गेल्या आठवड्यात मी दुकानात बसलेलो होतो. दुसऱ्या दिवशी तिचा तोच राहिलेला पेपर होता.

"अप्पा, जेवलात का?"

"जेवलो. वरची हवा खालचीला टोकाला गाठती ना?"

"न्हाई हो. किती डाव सांगू? वरची आधीच पुढं निघून जाती."

"आन् खालची?"

"मागं ऱ्हाती."

"ऱ्हाऊ दे. पुढचं सांग."

ती अर्धा तास सांगत राहिली. अप्पा मधूनमधून चुकीचं बोलत होते. ती चिडत होती, आणि चिडली की तिचं बोलणं सरळ, स्वच्छ होत जात होतं. तिनं फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अप्पा, तुम्हाला हे कधीच समजलंय."

"हाव."

"मग?"

"समजलं म्हटलं की ती दुसरं इचारती. गोळी घेतली का, रातीला सोबत कोण हाय. मंग तिचं मन लागत न्हाई, अन् घरी यायला पिशवी भरती."

त्यांनी तराजू पुसला, शटर अर्धं ओढलं आणि जरा थांबून विचारलं, "सर, तुमच्याकडं भाकर असंल का? आज काही केलं न्हाई मी."

माझ्याकडेही काही नव्हतं. मी तसं सांगितल्यावर अप्पांनी उरलेलं शटर खाली ओढलं. आम्ही स्टँडसमोरच्या गाड्यावर फोडणीच्या चुरमुऱ्यांची दोन प्लेट सुशीला सांगितली. गाडेवाला नवीन होता. त्यानं प्लेटी समोर ठेवल्या आणि अप्पांना विचारलं, "घरचे गावाला गेलेत का?"

"हाव," अप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे लिंबू सरकवलं.