पिवळी रेघ

आज पान्याला हात लावणार नाही, असा शब्द मिस्त्रींनी लेकीला दिला होता. नुसता शब्द नाही, चक्क शपथ! चार वाजता ठेकेदार आपलं खोदाईचं मशीन न्यायला येणार होता. तेलाचा एक थेंब जरी गळला, तरी त्याची उरलेली पाच मशीनं दुसऱ्या वर्कशॉपात जाणार होती. आणि नाही गळला, तर वर्कशॉपच्या किल्ल्या लेकीच्या हातात. हे मिस्त्री स्वतःच बोलून बसले होते.

लेकीने हायड्रॉलिकचा नवा पाइप बसवला, जोर मोजणारा पाना लावून नट हवा तेवढाच आवळला आणि नटापासून पाइपावर पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढली.

"रेघ सरळ, म्हणजे जोड नीट. बाबा, इकडे बघा. हात लावायचा नाही."

"छे गं! मी कशाला लावतोय?"

ती जेवायला गेली. मिस्त्री दोन मिनिटं खिशात हात कोंबून उभे राहिले. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मिस्त्री तर चांगले धडधाकट होते! "जरासंच," असं पुटपुटत त्यांनी नटाला पाव वळसा दिला आणि साळसूदपणे चहा प्यायला निघून गेले.

साडेतीनला ठेकेदाराच्या ड्रायव्हरने तपासायला मशीन चालू केलं मात्र, कट्‌कन आवाज झाला. नट तडकला आणि तेलाची चिळकांडी थेट मिस्त्रींच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर! ड्रायव्हरने घाईघाईने मशीन बंद केलं. लेक धावत आली. नटावरची रेघ पाइपावरच्या रेघेपासून पाऊण वळसा पुढे गेली होती.

"बाबा!"

"देवाशपथ, मी फक्त पाव वळसा दिला!"

"मग उरलेला अर्धा?"

रिकामा डबा न्यायला आलेली आई पदराशी चाळा करू लागली. "एक पाव माझा. तीस वर्षं यांचं ऐकतेय, 'आणखी जरासं आवळ'. म्हटलं, पोरीचं पहिलं काम, गळायला नको."

"आणि एक पाव माझा, ताई," ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला. "चालवायचं मलाच आहे ना!"

मिस्त्री मटकन स्टुलावर बसले. आपल्याच हाताने लेकीचं नुकसान केलं, या विचाराने त्यांना रडूच फुटायचं बाकी होतं. लेकीने मात्र शांतपणे कपाट उघडलं आणि दुसरा पाइप काढला. तसाच, नटासकट.

"हा कधी तयार केलास?"

"काल. तुम्ही शपथ घेतलीत ना, लगेच!"

चारच्या ठोक्याला ठेकेदार आला तेव्हा नवी रेघ सरळ होती आणि तिघे गुन्हेगार हात मागे बांधून उभे होते. मशीन सुरू झालं, त्याचा दांडा चार वेळा वर गेला, खाली आला. जोड खडखडीत कोरडा! ठेकेदार खूश झाला. मशीन बंद करायला लावून त्याने बाकावरचा पाना उचलला.

"झकास! तरी जाताना एकदा जरासं..."

"खबरदार!" मिस्त्री गरजले. "पिवळी रेघ दिसत नाही? आधी वर्कशॉपच्या मालकिणीला विचारा!"

त्यांनी त्याच्या हातातला पाना हिसकावला, खिशातल्या किल्ल्या काढल्या आणि दोन्ही गोष्टी लेकीच्या ओंजळीत ठेवल्या.

"पानासुद्धा कुलपात ठेव गं," ते हळूच म्हणाले. "माझा काही भरवसा नाही."