मढवी डॉक्टरांची जप्ती

आमच्या शेजारच्या मढवी डॉक्टरांच्या दाराशी नेहमी सात-आठ चपला पडलेल्या असतात, पण त्यांत जोड एकही नाही. सगळ्या जप्तीच्या. आमच्या भिवंडीत कुणाला फिट आली की कुणीतरी हमखास पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरतो. ती चप्पल डॉक्टर हिसकावून घरी आणतात. परत हवी असेल तर येऊन धडा म्हणून दाखवायचा: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. कापडाच्या लूमवरच्या एका मुकादमाने "डॉक्टरसाब, शिफ्ट चालू है," म्हणून पुष्कळ विनवलं. "पहले बोलो," डॉक्टर म्हणाले. बिचारा दिवसभर एका चपलेवर फिरला आणि दुसऱ्या दिवशी सगळं तोंडपाठ करून आला.

माणूस मूळचा इथल्याच दिघाशी गावचा. मुंबईत तीस वर्षं लोकांच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी वाचल्या. झोपमोड आणि फिट यांचं नातं हा संशोधनाचा विषय, त्यामुळे 'कसे आहात' ऐवजी 'झोप झाली का' विचारतात. माझ्या सासऱ्यांच्या तेराव्यालाही त्यांनी पंगतभर हेच विचारलं. परिषदांमधून इंग्रजीत भाषणं देणारा हा गृहस्थ गल्लीत मात्र एकच वाक्य ऐकवतो: "मेंदू हाय, भूत न्हाय."

माझ्या मुलीला, स्नेहलला, फिट येऊ लागल्या तेव्हा तिच्या मेंदूचा आलेख त्यांनीच वाचला. गोळी सुरू झाली आणि दोन वर्षं एकही फिट आली नाही. मग खारबावचं स्थळ आलं. मुलगा चांगला, पोरीलाही आवडलेला. लग्न होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं. डॉक्टरांनाही बजावून आलो.

"मी न्हाय सांगणार," ते म्हणाले. "पण मग पोरीनं जन्मभर गोळी लपून खायची का? एखाद दिवशी चुकली म्हंजे?"

"स्वतःची मुलगी असती म्हणजे कळलं असतं," मी चिडून म्हणालो.

पाहुणे आले त्या दिवशी शेजारी म्हणून बोलावलेले डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. चहा देता देता स्नेहल मुलाच्या आईला म्हणाली, "मला फिट यायच्या. दोन वर्षं आली नाही. गोळी रोज घेते."

बाईंनी कप खाली ठेवला. मला वर बघवेना.

डॉक्टरांनी खिशातून पाकीट काढून एक गोळी तोंडात टाकली, वर चहाचा घोट घेतला. "मीपण गोळीवर हाय," ते म्हणाले. "शाळेत होतो तवापासून. चारचौघांत आज पयल्यांदा खाल्ली."

"आणि लग्न?" बाईंनी विचारलं.

"न्हाय केलं. सांगायची हिंमत न्हवती, आन् लपवून करायचं न्हवतं."

बाई स्नेहलला शेजारी बसवून घेत डॉक्टरांना म्हणाल्या, "पोरीकडून बोलणीला तुम्हीच बसा."

"मला न्हाय जमत. अशा बोलणीला कधी बसलोच न्हाय."

"म्हणून तर बसा."

मी उठलो आणि त्यांना माझी जागा दिली.