आजारपणाचा गुरुवार

माझी बायको गेली त्या दिवशी ती आजारी नव्हती. तिचं आजारपण गुरुवारी होतं आणि ती मंगळवारी गेली. खात्याच्या दृष्टीने अडचण एवढीच होती, आणि तीच मला सगळ्यात आधी कळवण्यात आली.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. फोन आला तेव्हा एका सहा मजली इमारतीत, चौथ्या मजल्याच्या उंचीवर, लिफ्टच्या टपावर उभा होतो.

"तुमच्या मिसेस दफ्तरखान्यात कोसळल्या. दवाखान्यात नेलंय," पलीकडचा माणूस म्हणाला. मग आवाज जरा खाली आणून त्याने विचारलं, "आज त्यांची आजारपणाची तारीख होती का हो? आमच्या यादीत गुरुवार दिसतोय."

"गुरुवारच आहे," मी म्हणालो.

"तेच म्हटलं."

दवाखान्यात पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दम्याचा झटका, वाटेतच संपलं, असं डॉक्टर म्हणाले.

आता हे तारखेचं प्रकरण नीट सांगायला हवं. बायको नकाशांच्या खात्यात होती. दफ्तरखान्यात बसून जुन्या, फाटक्या नकाशांना मागून कापड चिकटवायचं, हे तिचं काम. बावीस वर्षं केलं. दमा तिला लहानपणापासून होता. दमा काही पत्र पाठवून येणारा पाहुणा नाही. पूर्वी तिला त्रास झाला की ती रजा घ्यायची आणि बरं वाटलं की कामावर जायची. ही पद्धत अर्थातच फार ढिसाळ होती.

ती सुधारायला खात्यात एक नवीन साहेब आले. हुद्दा, आजारपण नियोजन अधिकारी. लोक त्यांना तारीखसाहेब म्हणायचे. त्यांनी जुने आजार असलेल्या सगळ्यांना सभागृहात बोलावलं. दमा, साखर, अर्धशिशी, संधिवात अशा रांगा करून बसवलं.

"आजाराबद्दल आमची तक्रार नाही," ते म्हणाले. "अचानकपणाबद्दल आहे. यापुढे प्रत्येकाने वर्षाच्या सुरुवातीलाच आपले आजारपणाचे बारा दिवस जाहीर करायचे. महिन्याला एक. म्हणजे तुम्हालाही निवांत आजारी पडता येईल आणि आम्हालाही बदली माणूस नेमता येईल."

बायको उभी राहिली. "साहेब, दम लागणार हे मला आधी कसं कळणार?"

"बाई, दमा किती वर्षं आहे?"

"लहानपणापासून."

"आणि इतक्या वर्षांत तुमचा स्वतःच्या आजाराचा अभ्यास नाही?"

ती खाली बसली. घरी येऊन तिने मला हे सांगितलं, तेव्हा मी काय म्हणालो तेही लिहितो. मी म्हणालो, कल्पना वाईट नाही. लिफ्टलासुद्धा महिन्याची सर्व्हिसिंगची तारीख ठरलेली असते. खरं म्हणजे माझ्याइतकं हे कोणाला माहीत असणार, की पंचवीस वर्षांत ठरल्या तारखेला बंद पडलेली एकही लिफ्ट मी पाहिलेली नाही. पण ते मी बोललो नाही.

तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला.

"गुरुवारच का गं?"

"बुधवारी जुन्या नकाशांचे गठ्ठे येतात. धूळ बुधवारची, त्रास गुरुवारचा."

तारीखसाहेबांना हा अभ्यास आवडला. त्यांनी तो इतरांना वाचून दाखवला.

नियम सोपा होता. जाहीर न केलेल्या दिवशी आजारी पडलं की फाइलवर शेरा, 'अघोषित आजार'. तीन शेरे झाले की 'कामास अपात्र' आणि घरी. पहिल्या पावसाळ्यातच बायकोच्या फाइलवर दोन शेरे बसले. त्यानंतर ती दफ्तरखान्यात तोंडाला ओढणी बांधून बसायची आणि दम लागला की नकाशांच्या कपाटामागे जाऊन दम्याचा पंप ओढायची. तिथून खोकला बाहेर ऐकू येत नाही, असं तिला वाटायचं.

मग उलटी अडचण आली. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या अर्धशिशीवाल्या बाईंना त्यांच्या तारखेला नेमकं छान वाटत होतं, म्हणून त्या कामावर आल्या. त्यांना दारातूनच परत पाठवलं. "तुम्ही आज आजारी आहात. तुमच्या जागी माणूस बसलाय." घरी जाऊन त्या खरंच आजारी आहेत की नाही, हे बघायला खात्याने एक पडताळणीवाला नेमला. तो स्कूटरवरून फिरायचा. साखरेचा आजार असलेला एक कारकून त्याला घोषित दिवशी शिडीवर चढून दाराला रंग देताना सापडला. कारकुनाला नोटीस मिळाली, 'घोषित आजाराचा गैरवापर'.

त्यामुळे महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी बायको नऊ ते पाच अंथरुणावर पडून राहायची. मी कामावर जाताना पडदे लावून जायचो. उशाशी पंप, गरम पाण्याचा थर्मास, चेहरा ओढलेला. एका गुरुवारी तिला इतकं बरं वाटत होतं, की पडून पडून तिची पाठ धरली.

"आता पाठीसाठी वेगळी तारीख मागावी लागणार," ती म्हणाली.

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता तिला ठसका लागला, तेव्हा मी म्हणालो, "हां, आता कसं खरं वाटतंय."

तारीख बदलून घ्यायची सोय होती, नाही असं नाही. तारीखबदलाचा अर्ज असायचा. तो सात दिवस आधी द्यायचा. कॅन्टीनमध्ये सौदे चालायचे. "तुझी नऊ तारीख मला दे, माझी सतरा तू घे, मला कणकण वाटतेय." वर्षाअखेरीस हिशेब लागला. अघोषित आजार जवळजवळ शून्यावर आले होते. खात्याला बक्षिसाची ढाल मिळाली. तारीखसाहेबांनी भाषणात सांगितलं, की शिस्तीपुढे आजारही नमतो. कचेरीत आजारी माणसं टेबलाशी बसली होती आणि ठणठणीत माणसं घरी झोपली होती, पण तक्ता मात्र फार सुंदर आला होता.

बायको गेल्यावर दहा दिवसांनी मी तिच्या वस्तू आणायला गेलो. चष्मा, डबा, कात्री, अर्धा भरलेला पंप. तारीखसाहेबांनी मला आत बोलावलं. माणूस वाईट नाही. स्वतः उठून पाणी दिलं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "त्यात तो मंगळवार. दोन शेरे आधीचे, हा तिसरा. तिसऱ्या शेऱ्यानंतर फाइलवर 'कामास अपात्र' आपोआप पडतं."

"साहेब, ती गेली."

"म्हणूनच तर म्हणतोय. जिवंत माणसाला निदान दाद मागता येते. बावीस वर्षांची नोकरी, आणि शेवटचा शब्द 'अपात्र'. मला नाही बरं वाटत ते."

मलाही नाही वाटलं. तिचं एक होतं. तिने कधी कोणाचं वावगं बोलणं ऐकून घेतलं नाही, कारण तशी पाळीच येऊ दिली नाही. ते दोन शेरे तिला काट्यासारखे सलायचे. आमची मुलगी भेटायला आली की तिलाही सांगायची, "बघ, माझ्यासारख्या बाईला शेरे." मी साहेबांना विचारलं, काही करता येईल का.

त्यांनी खणातून तारीखबदलाचा अर्ज काढला. "गुरुवारचा मंगळवार करून घेऊ. म्हणजे तो आजार घोषित होईल, आणि फाइल दोन शेऱ्यांवर बंद."

"पण तो सात दिवस आधी द्यायचा असतो ना?"

"ती अट मी शिथिल करतो. एवढं तर आपण करायलाच हवं." त्यांनी पान उलटलं. "फक्त इथे घरच्या माणसाचा दाखला लागेल. साधं आहे."

तिथे छापलं होतं, 'सदर दिवशी सकाळी कर्मचाऱ्यास त्रास होत असल्याचे मला माहीत होते / नव्हते. नको ते खोडावे.'

"'नव्हते' ठेवलंत, तर त्रास होता याला पुरावाच नाही. मग बदल देता येणार नाही," साहेबांनी समजावलं. "'होते' ठेवा. सगळे 'होते'च ठेवतात."

अर्ज घेऊन मी घरी आलो.

त्या मंगळवारी सकाळी बायको पलंगाच्या कडेला बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर उचललेले. मी बुटांच्या नाड्या बांधत होतो.

"अहो, आज छातीत भरून आल्यासारखं वाटतंय."

मी मान वर केली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि भिंतीवरचं कॅलेंडर तिथूनच दिसत होतं. मी ते पाहिलं.

"आज मंगळवार," मी म्हणालो. "तुझा परवा आहे ना?"

तिनेही तिकडे पाहिलं. "हो, परवाच आहे," ती म्हणाली. आपलीच काही चूक झाल्यासारखं म्हणाली.

"मग दोन दिवस काढ. तिसरा शेरा कशाला ओढवून घेतेस?"

तिने डबा भरला, पंप पर्समध्ये टाकला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यात ती दोनदा थांबली. मी पुढे होतो, मला उशीर होत होता.

तारीखसाहेबांवर लोक अजूनही कॅन्टीनमध्ये विनोद करतात. मीही करायचो. हे वाचताना तुम्हीही कुठे कुठे हसला असाल, त्याला माझी हरकत नाही. फक्त तुमच्या घरात उद्या सकाळी कोणी म्हणालं, की बरं वाटत नाही, तर तुमची नजर आधी कुठे जाते तेवढं बघा. त्या माणसाकडे जाते, की घड्याळाकडे, की भिंतीकडे. तारीखसाहेबांना खात्याने एकाच कचेरीत नेमलं होतं. बाकी ठिकाणी ते बिनपगारी काम करतात.

अर्ज टेबलावर आहे. तिचं नाव, हुद्दा, जुनी तारीख, नवी तारीख, सगळं भरून झालंय. शेवटच्या ओळीतला एक शब्द खोडायचा राहिला आहे.