देवधरांच्या साखळ्या

मे महिन्यातल्या एका लख्ख रविवारी, जर्मनीतलं आमचं अख्खं एश्बॉर्न बाल्कनीत ग्रिल पेटवून बसलेलं असताना, आमच्या बिल्डिंगखाली एक गृहस्थ लोकरीचे हातमोजे घालून पिकअप ट्रकच्या मागच्या चाकाला बर्फात वापरायच्या साखळ्या बांधत होते. खाली गोधडी अंथरली होती. डोळे मिटलेले होते. हे आमच्या वरच्या मजल्यावरचे देवधर.

गोधडी का, तर रविवारी इथे आवाज चालत नाही. तळमजल्यावरच्या फ्राऊ क्योलर साखळ्यांच्या खळखळाटाबद्दल दोनदा बोलून गेल्या होत्या. देवधरांनी वाद घातला नाही, घरातून गोधडी आणली. आणि मिटलेल्या डोळ्यांचं कारण त्यांनी मी न विचारताच सांगितलं. "आल्झो, म्हणजे बघा, बर्फ पडत असताना दिसत काही नाही. हातांना कळलं पाहिजे."

आमच्याकडे बर्फ पडतो तो माफी मागितल्यासारखा, सकाळी पडून दुपारी वितळणारा. साखळ्या लागाव्यात असा रस्ता शोधायला इथून चांगले चार-पाच तास गाडी हाकावी लागते. हे देवधरांना सांगून उपयोग नव्हता.

एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य घालवलेला हा सडपातळ, चष्मेवाला माणूस. त्यांनी पिकअप घेतला तेव्हा सोसायटीत सगळ्यांनाच प्रश्न पडला. ती गाडी आमच्या टीफगाराजच्या, म्हणजे तळघरातल्या गॅरेजच्या, दारातून आत जात नाही, म्हणून एरवी दोन गल्ल्या पलीकडे उभी असते. मागच्या हौद्यात कधी काही नसतं. एकदाच काय तो मंडळाचा गणपती त्यातून हॉलवर गेला होता. कशाला घेतलात, असं विचारलं की ते म्हणायचे, "सामानाला बरी." मेधावहिनी म्हणायच्या, "पन्नाशीत लोक गिटार शिकतात. ह्यांना ट्रक सुचला."

साखळ्यांचा विषय निघाला की मात्र ते उजळायचे. नव्या पिकअपला चाक आणि आतले भाग यांत जागा किती कमी असते, जाड कड्यांची साखळी घातली तर सेन्सरची वायर कशी तुटते, म्हणून बारीक कड्यांचीच कशी घ्यायची, आणि तीही मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या चाकांनाच. आधी साखळी जमिनीवर पसरून पीळ काढायचा. मग साखळीचं मोठं कडं चाकाच्या मागून फिरवून वर जोडायचं, पुढचा आकडा अडकवायचा, ताण द्यायचा. "आणि मग?" असं विचारून ते थांबायचे. उत्तर त्यांनाच द्यायचं असायचं. "मग थोडं पुढे जायचं, उतरायचं आणि परत ताण द्यायचा. गेनाऊ, अगदी बरोबर. इथेच लोक चुकतात."

एका हळदीकुंकवाला बायका वर आणि पुरुष खाली पार्किंगमध्ये साखळ्यांपाशी, असा कार्यक्रम झाला. ऑस्ट्रियात स्कीइंगला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला त्यांच्यासमोर परीक्षा द्यावी लागे. मीही दिली. नापास झालो.

देवधरांना एक मुलगी, सई. ती दार्मश्टाटला इंजिनिअरिंग करत होती. मधेच सोडून दक्षिणेला आल्गॉयमधल्या डोंगरातल्या एका खेड्यात चीज करायला शिकायला गेली आणि तिथेच राहिली. या गोष्टीवरून त्यांच्या घरात भांडण वगैरे काही झालं नाही. लहानपणापासून देवधर मराठीत विचारायचे आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. मोठी झाल्यावर प्रश्न कमी झाले, मग उत्तरंही. फोन आला की देवधर "एक मिनिट हं, आईला देतो" म्हणायचे आणि फोन देऊन त्याच खोलीत काहीतरी शोधत राहायचे.

गेल्या फेब्रुवारीत मेधावहिनी भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या होत्या. एका शनिवारी सकाळी देवधर आमच्या दारात उभे. जाकीट घातलेलं, बटणं वरखाली लागलेली.

"साठे, आज मोकळे आहात का? सई बर्फावर घसरून पडली. मनगट मोडलंय."

"तुम्हाला फोन आला तिचा?"

"मेधाला केला. मेधाने मला."

मी निघालो.  ऑटोबानवर उल्म मागे पडल्यावर देवधर म्हणाले, "गेल्यावर तिला काय विचारायचं?"

"हात कसा आहे, असं विचारा."

"आणि नंतर?"



डोंगराच्या पायथ्याला बर्फ सुरू झाला. अरुंद रस्ता वर जात होता आणि कडेला चाकावर साखळी काढलेली निळी गोल पाटी उभी होती. म्हणजे इथून पुढे साखळ्यांशिवाय जायला मनाई. देवधरांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, इतकी वर्षं ज्याची तयारी केली तो क्षण आला, आता माणूस खुलणार. ते उतरले, साखळी पसरली, पीळ काढला, कडं चाकामागून फिरवलं आणि तिथेच अडकले. पुढचा आकडा लागेना. लावायला जावं की निसटे. हातमोजे काढून पाहिलं, तरी लागेना. 

"थंडी आहे," ते म्हणाले.

"हो, फार आहे," मी म्हणालो आणि साखळीचं टोक धरून ठेवलं. मग आकडा लागला. दुसरं चाक आम्ही दोघांनी मिळून केलं. थोडं पुढे जाऊन उतरलो, परत ताण दिला आणि हळूहळू वर चढू लागलो.

"पुढे लाकडाची वखार येईल," ते म्हणाले. "मग उजवीकडे चढ."

वखार आली, चढही आला.

"इथे आला होता वाटतं आधी?"

"एक-दोनदा. मघाच्या पाटीपर्यंत. वरचा रस्ता फोनवर बघून ठेवलाय."

"तिथून परत फिरलात?"

"वर रस्ता बरा नव्हता."

"बर्फामुळे?"

त्यांनी वायपर जोरात केला. "जून होता," ते म्हणाले.

सईने दार उघडलं. हाताला प्लास्टर, पायात लोकरीचे मोजे. ती बापाकडे पाहत राहिली. "बाबा? वी बिस्ट डू हिअर होखगेकोमेन?" इथवर वर आलास कसा, असं तिने विचारलं होतं.

"साखळ्या लावून," देवधर म्हणाले. मग घाईने, "हात कसा आहे?"

"गेट शोन," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून ती आत वळली. संध्याकाळी तिने आम्हाला तिचं चीज खायला घातलं. देवधरांनी "छान आहे" असं बऱ्याचदा सांगितलं. त्यापलीकडे गाडी सरकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ थांबला. नांगर लावलेला ट्रॅक्टर रस्ता साफ करून गेला. खालचं डांबर दिसायला लागलं. डांबरावर साखळ्या चालवायच्या नसतात, म्हणून देवधर त्या काढायला बसले. एका चाकाची काढून झाली, तेवढ्यात सई बाहेर आली. जाकीट तिने एकाच बाहीत घातलं होतं. ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. मग तिने जर्मनमध्ये विचारलं, आकडा आधी सोडायचा की ताण आधी.

देवधर मराठीत सांगायला लागले. मधेच थांबले आणि जर्मनमध्ये सांगायला लागले. मी त्यांना घरच्या माणसाशी जर्मन बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो. बँकेतलं व्याकरणशुद्ध जर्मन होतं, तरी एका शब्दाचं लिंग चुकलं. सईने ते दुरुस्त केलं. त्यांनी दुरुस्त करून पुन्हा म्हटलं आणि पुढे गेले.

"माझ्या गाडीला पण आहेत," ती म्हणाली. हे मराठीत होतं, अडखळत जुळवलेलं. "कधी लावल्या नाही. येत नाही मला."

देवधरांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हाला अंधाराच्या आत एश्बॉर्न गाठायचं होतं. सोमवारी सकाळी माझी मीटिंग होती आणि हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, आधी जरा चहा टाकतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दोघं दिसत होते. काढलेली साखळी देवधरांनी पुन्हा बर्फावर पसरली होती. सई चांगल्या हाताने तिचा पीळ काढत होती. तिला तो नीट निघत नव्हता, आणि देवधर मदत न करता, गुडघ्यांवर हात ठेवून, शेजारी वाट पाहत बसले होते.